तुझ्याच दारात मुराळी

आक्का, तुझ्या तेराव्याला एवढी माणसं आली की पत्रावळ्या कमी पडल्या. शेवटी शाळेतून खिचडीच्या ताटल्या आणाव्या लागल्या. वरणात मीठ नव्हतं आणि बुंदी दगडासारखी झाली होती. तू असतीस तर पदर खोचून आचाऱ्याच्या अंगावर गेली असतीस. मी तोंड वाकडं करून जेवत होते, तर शेजारी बसलेली शोभाबाई म्हणाली, "मंगल, गपचिप खा. आक्का बघायलीय." आणि आम्ही दोघींनी खरंच मान खाली घालून ताट संपवलं.

जेवणं उरकल्यावर पारावरची मंडळी बोलायला उभी राहिली. हयातभर ज्यांनी तुला घरं फोडणारी बाई म्हटलं, त्यांनी माईक हातात घेऊन तुला माउली करून टाकलं. एकाने तर सांगितलं की आक्का कधी कुणाला टाकून बोलली नाही. आक्का, तू! मला हसू फुटलं, आणि लगेच रडू आलं, आणि रडता रडता त्या माणसाचा रागही आला. सगळं एकदमच झालं. तुझ्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं.

परभणीला परत येताना एसटीत खिडकीशी बसले होते. जिंतूर रोडच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याएवढं झालंय. मनात आलं, आक्काला सांगायला पाहिजे की यंदा पीक चांगलं आहे. मग आठवलं. हे रोजच होतं गं. दुकानात ब्लाऊज शिवताना, भाजी घेताना, तुला सांगायचं म्हणून काहीतरी बाजूला ठेवते आणि मग ते तसंच राहतं.

मी तुझी कुणीच नव्हते. नात्याची नाही, भावकीची नाही. तुझ्या गावात लग्न करून आलेली आणि डोक्यावर डबा घेऊन तुझ्या गिरणीवर दळायला येणारी एक बाई, एवढीच माझी ओळख. पिठाची गिरणी पुढे, मागे भिंतीला भिंत लावून तुझं घर. गिरणी सुरू असली की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही, कानाला तोंड लावावं लागायचं. गावातल्या बायका म्हणूनच तर तुझ्याशी बोलायच्या. घरात सासू, नळावर जाऊ, गल्लीत शेजारीण. बाईने मन मोकळं करावं अशी जागा गावात कुठे असते? तुझ्या गिरणीत ती होती. दारातून पाहणाऱ्याला वाटायचं, आक्का दळण जाड की बारीक ते विचारतेय.

एखादीचं दळण संपायचं आणि बोलणं संपलेलं नसायचं. तेव्हा तू गिरणी रिकामीच फिरू द्यायचीस. रिकामी गिरणी फिरवली की दगडाला दगड घासतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तुझ्या गिरणीच्या झिजलेल्या दगडांना म्हणूनच सारखी टाकी लावून पुन्हा खरखरीत करावं लागायचं. मिस्त्री हैराण व्हायचा. "आक्का, काय दळता काय तुमी? खडे दळता का?" असं त्याने एकदा विचारलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, "व्हय, तसंच समज."

माझा नवरा मला मारायचा हे गावाला माहीत होतं. गावाला सगळंच माहीत असतं. त्या वर्षी नागपंचमी जवळ आली आणि गल्लीतल्या सुनांना न्यायला एकेकीचा भाऊ यायला लागला. मी डबा घेऊन आले, तेव्हा तू माझ्या कानात विचारलंस, "तुला न्यायला कोन येतंय?" मला भाऊ नाही. आई-वडील थकलेले, त्यांना लेकीकडे येण्याचं बळही नाही आणि हिंमतही नाही. मी मान हलवली. तू पीठ भरलंस, डब्याचं झाकण दाबलंस आणि म्हणालीस, "मग मी येते."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू दारात उभी. सोबत बौद्धवाड्यातली शोभाबाई आणि आणखी काही बायका. ताटात नारळ, खण, हळद-कुंकू. "मुराळी आलोय. लेकीला न्यायचंय."

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. बहुतेक वेळा भाऊच. त्याला नाही म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, लेकीची ओटी भरायची, वाटेला भाकरी बांधून द्यायची आणि पाठवायचं. माझ्या सासूने आयुष्यभर हेच केलेलं. तिचे हात आपोआप चालायला लागले. तिने चहा टाकला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, "नीट जा" असंही म्हणाली. आपण गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून तिची हाक आली, "अगं, पन हिला भाऊ कुठं हाय?" तोवर आपण वळलो होतो. शोभाबाई चालता चालता इतकी हसली की तिच्या हातातलं ताट कलंडलं. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी हसले होते.

आणि तू मला नेलंस तरी कुठं? दोन गल्ल्या ओलांडून तुझ्या घरी. असं माहेर कुणी पाहिलं नसेल. तू मला काही विचारलं नाहीस. डोक्याला तेल लावलंस, पुरणाचे दिंड खाऊ घातलेस आणि म्हणालीस, "नीज आता." मी किती झोपले ते मला आठवत नाही. मधेच जाग यायची, गिरणीचा आवाज कानावर यायचा, आणि अंगावर पांघरूण आहे एवढं कळून मी पुन्हा झोपायचे. उठल्यावर मला पहिल्यांदा स्वतःचा विचार करता आला. मी परत गेले नाही. पुढे कोर्ट झालं, परभणीत शिवणकाम शिकले, दुकान टाकलं. आज लोक मला मंगलताई म्हणतात. हे सगळं त्या झोपेनंतरचं आहे, आक्का. तुझे आभार मानायचे राहिले असं मी म्हणणार नाही, कारण मी मानायला लागले की तू "फजूल बोलू नको" म्हणून उठून जायचीस.

माझ्यानंतर तुम्ही कितीजणींना नेलंत. पद्धत तुझी ठरलेली. अंधारात जायचं नाही, मागच्या दाराने जायचं नाही. ताट हातात धरून, पारावरून, सावकाश चालत जायचं. भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, मारतो हा शब्दसुद्धा काढायचा नाही. पारावरचे लोक विचारायचे, "आज कुणाच्या घरी, आक्का?" तू घराचं नाव सांगायचीस आणि पुढे निघायचीस. बस. जे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, ते तुझ्या चालण्याने भर दिवसा बोललं जायचं. बाप्ये बायकोपेक्षा ताटालाच जास्त भ्यायला लागले. बायकाही बदलल्या. शेजारच्या घरातून आवाज आला की पूर्वी दार लावून घ्यायच्या. आता भिंतीवर वाटी वाजवून विचारायला लागल्या, "काय चाललंय गं?" एवढ्यानेही पुष्कळ हात खाली आले. हळदी-कुंकवाला तू वाणात काय लुटायचीस? काही नाही. सगळ्याजणींना एवढंच म्हणायला लावायचीस की शेजारणीच्या घरात आवाज झाला तर मी वाटी वाजवीन. बायका लाजायच्या, हसायच्या, पण म्हणायच्या.

एकदा पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. पायरीवर बसून तू शेंगा सोलत होतीस. मी सहज विचारलं, "हे मुराळ्याचं तुला सुचलं कसं?" तू शेंगा सोलतच राहिलीस. मग म्हणालीस, "मी नवी नवरी व्हते तवा पंचमीला गाठोडं बांधून बसायची. रस्त्याकडं बघायची. मला न्यायला कुनी आलंच न्हाई गं." मी तुझ्या गेलेल्या नवऱ्याबद्दल विचारलं, "मामा मारायचे?" तू सालपटं पदरात गोळा केलीस आणि उठलीस. "चल, गाडी लागली आसंल." त्यानंतर कितीदा तरी वाटलं, पुन्हा विचारावं. आता कुणाला विचारू? त्या गाठोड्यात तू काय बांधायचीस हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

आपलं भांडण मात्र खूप झालं. मी कोर्टाच्या पायऱ्या चढलेली बाई. मला वाटायचं, बाईला आणलं की आधी तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्याकडे न्यावं, कागद करावा, अंगावरचे वळ दवाखान्यात दाखवावेत. कायदा आहे तर तो वापरावा. तू म्हणायचीस, "कागद कर की. मी कुठं नको म्हनते? पन आधी चार दिस निजू दे तिला." चार दिवसांनी ती बाई म्हणायची, मी घरी जाते. आणि तू तिची ओटी भरून तिला पाठवायचीस! मी थयथयाट करायचे. "पाठवायचंच होतं तर आणलं कशाला?" तू म्हणायचीस, "तिला आता वाट माहीत झाली."

बहुतेकींना ती वाट उपयोगी पडली, हे खरं आहे. काहीजणी पुढच्या वेळी आपल्या पायांनी आल्या. पण सुनीताचं तसं झालं नाही. आपण पाठवली आणि आठवड्यात ती मोडलेला हात घेऊन परत आली. त्या दिवशी तू गिरणी उघडलीच नाहीस. तिच्यासोबत परभणीला दवाखान्यात आलीस, जबाब होईपर्यंत बाकावरून हलली नाहीस. त्यानंतर कागदाला तू कधी उशीर केला नाहीस, पण भांडण सोडलंही नाहीस. "आपन नेलं म्हनून आपल्या मर्जीनं ठेवायचं का तिला? मग नवऱ्यात आन आपल्यात फरक काय?" याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आता एक सुचलं आहे. चांगलं आहे, तू चिडली असतीस.

आता बालाजीचं बोलते. तुझ्या लेकाचं. तू असताना हे नाव आपण दोघींनी फार जपून उच्चारलं.

बालाजी दारू पीत नाही. पीत असता तर तुला सोपं गेलं असतं, दारूला शिव्या घालता आल्या असत्या. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. कामाला वाघ आहे. मी आले की वाकून पाया पडायचा, "ताई, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका" म्हणायचा. आणि वर्षा, तुझी सून, कशी होती? गोरीगोमटी, हळू बोलणारी, आई-बाप लहानपणीच गेलेले, काकाने लग्न लावून दिलेलं. फार गप्प असायची. तू म्हणायचीस, "लाजरी हाय पोरगी."

गेल्या उन्हाळ्यात मी आले होते. आठवतंय ना? गिरणीवर डब्यांची रांग लागलेली, आणि तू माझ्या कानात कुणाची तरी चुगली सांगत होतीस. तेवढ्यात लाईट गेली. गिरणीचा आवाज उतरत उतरत बंद झाला. आणि भिंतीपलीकडून, तुझ्या घरातून, दुसरा आवाज आला. बालाजीला लाईट गेल्याचं कळायला क्षणभर उशीर झाला.

तुझ्या हातातलं सुपडं खाली पडलं. तू धावलीस, तुझ्या मागे मी. वर्षा मोरीजवळ बसली होती, तोंडात पदर कोंबून. बालाजीने आपल्याला पाहिलं आणि हात मागे नेला. "काही न्हाई, आई," म्हणाला. तू दोघांच्या मध्ये उभी राहिलीस. तो चपला घालून निघून गेला. मग तू वर्षाजवळ खाली बसलीस आणि विचारलंस, "कवापासून?"

ती म्हणाली, "गिरनी चालू झाली की."

आक्का, ते वाक्य मी अजून विसरले नाही, तू तर विसरूच शकली नसशील. ज्या आवाजाच्या आडोशाला गावातल्या सगळ्या बायका बोलल्या, त्याच आवाजाच्या आडोशाला तो हे करत होता. लाईट आली. बायका डबे घेऊन थांबलेल्या. तू उठलीच नाहीस. त्या हळूहळू डबे उचलून गेल्या. जाताना त्यांतल्या एकीनेही काही विचारलं नाही, आणि मला कळलं की आता हेही गावाला माहीत झालं.

मी तिथेच म्हटलं, "उद्या तालुक्याला जाऊ." तू म्हणालीस, "माझं लेकरू हाय ते." मी म्हटलं, "आणि ही कुणाचं लेकरू आहे?" तू माझ्याकडे बघितलंस. "तू जा आता. एसटी चुकल." मी गेले. त्यानंतर पुष्कळ दिवस तुझा फोन नाही, मीही केला नाही. दोघी सारख्याच हट्टी.

आणि मग एक दिवस तू माझ्या दुकानात येऊन उभी राहिलीस. परभणीच्या गर्दीत तू मला एकदम लहान दिसलीस. रिक्षावाल्याशी भांडून आली होतीस, त्यामुळे आधी थोडा वेळ त्याचीच तक्रार केलीस. मी पाणी दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर तू खाली मांडी घातलीस आणि हातात ब्लाऊजचं कापड घेऊन त्याच्या दशा ओढत बसलीस.

"मी घरात आसले की हात लावत न्हाई," तू म्हणालीस. "पन मी जलमभर घरात बसू का? गिरनी बंद करू का?"

मी म्हटलं, "तू सगळ्यांना तुझ्या घरी आणलंस. तिला..."

"तेच तर न्हाई ना जमत. माझं घर तिचं सासर हाय. ते तिचं माहेर कसं व्हईल?" तू कापड बाजूला ठेवलंस. "पंचमीला तू ये. मुराळी म्हनून. पारावरून ये, लपून येऊ नको. शोभाला घे. मीच दारात हुबी राहते, मीच तिची ओटी भरते आन मीच जा म्हनते. त्याला दिसू दे कोन पाठवायलंय."

"आणि कागद?"

"ते तिला इचार. ती हो म्हनली तर मी साक्ष देईन." इतकं बोलून तू रडलीस. आवाज न करता, नाकातून पाणी गळेपर्यंत. तुला रडताना मी तेव्हाच पाहिलं. मला तुला जवळ घ्यायचं होतं, पण तू आडवा हात करून म्हणालीस, "राहू दे, राहू दे. चहा सांग." म्हणून मी चहा सांगितला.

पंचमीची वाट तू पाहिली नाहीस. गहू निवडता निवडता कलंडलीस, असं शोभाबाईने सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बालाजी फार रडला. खोटं नव्हतं ते. त्याचं तुझ्यावर प्रेम होतं, आणि ते असूनही तो तसा होता, आणि या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात ते मला कळत नाही. तू ओसरीवर निजलेली होतीस आणि वर्षा कोपऱ्यात बसून माझ्याकडे एकटक बघत होती. ती काय विचारतेय ते मला कळत होतं.

तेरावा झाला आणि शोभाबाईचा फोन आला. "मंगल, आता कोन पाठवनार तिला?" मलाही तेच खात होतं. मुराळी न्यायला येतो, पण पाठवणारं माणूस घरातलं मोठं लागतं. शिवाय घरात माणूस गेलेलं, म्हणजे वर्षभर सण नाही. सण नाही म्हणजे माहेरी जाणं नाही. जी रीत आजवर तुझ्या बाजूने उभी राहायची, ती यंदा बालाजीच्या बाजूने उभी होती.

तरी आम्ही गेलो. पंचमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तू सांगितलंस तसं. ताटात नारळ, खण, हळद-कुंकू. तुझ्या मागून चालणं वेगळं आणि तुझ्या जागी चालणं वेगळं. पारावर माईकवर बोललेली मंडळी बसलेलीच होती. एकाने नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या घरी?"

शोभाबाई म्हणाली, "आक्काच्या."

आम्ही वळलो तेव्हा मागे काही बायका येताना दिसल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत पोर. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

तुझी गिरणी बंद होती. बालाजी दारात आला. डोक्यावर नुकतेच केस फुटायला लागलेत, चेहरा ओढलेला. "या ताई," म्हणाला, आणि पाणी आणून दिलं. मग त्याने ताट पाहिलं. "हे काय?"

"मुराळी आलोय. वर्षाला न्यायचंय. परभणीला, माझ्या घरी."

तो शांतपणे म्हणाला, "ताई, आमच्यात यंदा सन न्हाई. आई गेलीय आमची." मग बायकांकडे बघत आवाज थोडा चढवला. "आन पाठवनार कोन? घरात मोठं मानूस कोन राहिलंय?"

माझ्याकडे उत्तर होतं, आक्का. कायद्याचं होतं, कलमांसकट. एसटीत पाठ करत आले होते. पण त्या दारात ते माझ्या तोंडातून निघेना, कारण मला सारखं वाटत होतं की तू आतून येशील, ओले हात पदराला पुसत, आणि त्याला म्हणशील, "सरक बाजूला."

तेवढ्यात वर्षा आतून आली. पिशवी भरलेली होती, डोक्यावरून पदर. तिने आमच्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. ओसरीवर तुझा फोटो आहे, त्याच्यापुढे दिवा. ती त्याच्यापुढे वाकली आणि सासूला विचारावं तसं, नेहमीच्या हळू आवाजात तिने विचारलं, "आत्या, जाऊ का?"

आणि ती थांबली. खरंच थांबली, उत्तर यायचं असतं तेव्हा माणूस थांबतं तशी. सगळी गल्ली थांबली. बालाजीसुद्धा. दिव्याची वात सरळ जळत होती.

मग वर्षा उठली, फोटोपुढचं कुंकू बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावलं आणि नवऱ्याकडे वळली.

"आत्या जा म्हनल्या," ती म्हणाली.

बालाजी दारातून बाजूला झाला. आईने म्हटलंच नाही, हे तो कुणाला सांगणार होता? वर्षाने चपला घातल्या आणि ती आमच्यात येऊन उभी राहिली.

आक्का, मी फोटोच्या अगदी जवळ होते. मला काहीच ऐकू आलं नाही. मला किती ऐकायचं होतं.